मऊ आहे म्हणून चालेल, असे नाही

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर काय खावे, असे विचारणारी पत्रे गेल्या काही महिन्यांत इतकी साचली, की या वेळचे सदर त्यांनाच द्यायचे ठरवले. जवळजवळ प्रत्येक पत्रात 'मऊ आहार' हे दोन शब्द आहेत आणि बहुतेकांची अडचणही त्यांतूनच सुरू झाली आहे. उत्तरांत आठवड्यांचा जो हिशेब येतो तो सर्वसाधारण आहे. प्रत्येक शल्यचिकित्सकाचे टप्पे थोडे वेगळे असतात, तेव्हा तुमच्या रुग्णालयाने दिलेला कागद आणि हे सदर यांत फरक दिसला, तर कागदच प्रमाण मानावा.

प्रश्न : माझे वय ४४ आहे. महिन्यापूर्वी माझी 'स्लीव्ह' शस्त्रक्रिया झाली. पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ आणि पुढे मिक्सरमधून काढलेले अन्न, हे सारे नीट पार पडले. आता कागदावर 'मऊ आहार, चार आठवडे' एवढीच ओळ आहे. आमच्या घरी मऊ म्हणजे गुरगुट्या भात, रव्याची खीर, साबुदाण्याची खिचडी आणि दुधात कुस्करलेली पोळी. हे सर्व मी थोडे थोडे खाते, त्रास होत नाही. परंतु फार अशक्तपणा जाणवतो आणि दहा दिवसांपासून वजनाचा काटाही हललेला नाही. माझे काय चुकते?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : चूक तुमच्यापेक्षा त्या एका ओळीची अधिक आहे. 'मऊ' या शब्दाने पदार्थ चावायला कसा आहे एवढेच कळते. त्यात काय आहे आणि पोटात गेल्यावर तो कसा वागेल, हे कळत नाही. तुम्ही लिहिलेले चारही पदार्थ मऊ आहेत, पण चौघांतही पिष्ट भरपूर आणि प्रथिने थोडी. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात प्रथिने अडीच ग्रॅमच्या आसपास असतात, आणि साबुदाण्यात तर ती जवळजवळ नसतातच. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असे या शस्त्रक्रियेनंतर सांगितले जाते. तुमचा आजचा आहार त्याच्या चतुर्थांशापर्यंत तरी पोचत असेल का, याची मला शंका आहे. अशक्तपणाचे एक मोठे कारण तेथेच असावे. तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावरही तो घालावा.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. सुरुवातीला तिच्यात १०० ते १५० मिलिलिटर मावते, म्हणजे आपली आमटीची एक वाटी; आणि कडेच्या टाक्यांभोवती सूज असेपर्यंत तेवढेही मावत नाही. जागा इतकी कमी असताना ती भाताने भरली, तर वरणाला उरत नाही. म्हणून या दिवसांत जेवणाचा क्रम उलटा करावा लागतो. आधी प्रथिनांचा घास, मग भाजी, आणि त्यानंतरही भूक उरली तर भात. लहानपणापासून भातावर वरण वाढून घेणाऱ्या आपल्यासारख्यांना हे चमत्कारिक वाटते, पण येथे वरणावर चमचाभर भात घ्यायचा आहे.

पदार्थ पुरेसा मऊ आहे की नाही, हे पाहण्यासाठी तो दोन बोटांत धरून हलकेच दाबावा. सहज मोडला, ओलसर राहिला आणि बोटांना चिकटून त्याचा गोळा झाला नाही, तर तो या टप्प्यात बसतो. मुगाच्या डाळीचे घट्ट वरण, कुस्करलेले ताजे पनीर, पाणी निथळलेले दही म्हणजे बिनसाखरेचा चक्का, चालत असेल तर अंड्याची ओलसर भुर्जी, पातळसर पिठले, शिजवून घोटलेली मसूर या परीक्षेत उत्तीर्ण होतात. (भुर्जी मात्र ताजीच खावी, पुन्हा गरम केलेले अंडे कोरडे पडते आणि छातीत बसते.) भाज्यांपैकी दुधी, तांबडा भोपळा, गाजर आणि साल-बिया काढलेला टोमॅटो शिजवून घ्यावा. शेवग्याच्या शेंगा, गवार, कच्ची कोशिंबीर, मक्याचे दाणे आणि पेरू यांतले धागे व साली एवढ्यात नकोत. बेसनाच्या पिठल्याने काहींना वायू धरतो. पहिल्या दिवशी दोन चमचेच खाऊन पाहावे.

दुधात कुस्करलेल्या पोळीविषयी वेगळे लिहिले पाहिजे, कारण ती सर्वांनाच निरुपद्रवी वाटते. गव्हात चिकटपणा असतो, आणि नीट चावली न गेलेली पोळी ओलाव्याने पुन्हा कणकेसारखी होऊन अरुंद नळीत गोळा धरू शकते. ताजा पाव तर याहून वाईट. तुम्हाला पोळीचा त्रास झाला नाही हे चांगलेच. तरीही सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत ती बाजूला ठेवा आणि त्यानंतरही आधी ज्वारीची मऊ भाकरी वरणात भिजवून पाहा. ज्वारीत तो चिकटपणा नसल्यामुळे भाकरी विरघळत जाते.

प्रमाण सुरुवातीला पाव वाटी ठेवावे, जमले तर अर्धी. चहाचा लहान चमचा वापरावा, घास वीस-पंचवीस वेळा चावावा, आणि पाव वाटी संपायला वीस मिनिटे लागली तरी घाई करू नये. पोट भरल्याची खूण पूर्वीसारखी तृप्तीची नसते. छातीच्या मध्यभागी दाब जाणवणे, उचकी लागणे किंवा अचानक नाक वाहू लागणे अशी ती येते. ती आली की पुढचा घास घेऊ नये, मग ताटलीत कितीही उरलेले असो.

वजन थांबण्याचे म्हणाल, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते बहुतेकांचे थांबते. पहिल्या दिवसांत उतरलेल्या वजनात शरीरातील पाण्याचा वाटा मोठा असतो, आणि तो ओसरला की काटा काही दिवस जागचा हलत नाही. त्यावर आहार आणखी कमी करणे हा उपाय नाही. आहाराची घडण बदला आणि वजन रोज न करता आठवड्यातून एकदाच करा.

प्रश्न : आम्ही मासे खाणारी माणसे. माझी बायपास होऊन पाच आठवडे झाले आणि आता मासे खाण्यास डॉक्टरांची परवानगी आहे. कोणते मासे मऊ, आणि कसे करावेत? (गावात 'बायपास' म्हटले की सगळे हृदयाची समजतात आणि किती ब्लॉक होते ते विचारतात. आता मी ते समजावणेही सोडून दिले आहे.)
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : हृदयाची बायपास आणि ही बायपास यांत नावापलीकडे साम्य नाही. या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी, पिशवी तयार करतात आणि ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला थेट जोडतात. तुमची जागा वरच्या वाचिकेपेक्षाही लहान आहे, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

मासा हे या टप्प्यातले उत्तम अन्न. त्याचे धागे आखूड असतात, तो पाच-सात मिनिटांत शिजतो, आणि पापलेट किंवा रावस यांसारख्या माशाच्या १०० ग्रॅम मांसात १८ ते २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. तुम्ही एका वेळी ३०-४० ग्रॅमच खाऊ शकाल, तरी तेवढ्यात सहा-सात ग्रॅम पदरात पडतात. कोकणात आजारातून उठलेल्या माणसाला मुडदुशीचे कालवण देतात, ते तुमच्या घरी कोणाला सांगायला नको. ती चाल येथेही उपयोगी आहे. ओले बोंबील सर्वांत मऊ खरे, परंतु त्यांच्या मांसात पाणीच पुष्कळ असते. तेव्हा दोन बोंबील खाऊन आज बरेच खाल्ले असे समाधान मानू नये. मऊपणा आणि कस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बोंबलाइतके सोपे करून दुसरे कोणी सांगत नाही.

बांगड्याला कस आहे, पण बारीक काट्यांसाठी तो स्वतःच्या हाताने सोलून, कुस्करून, बोटांनी तपासूनच खावा. सुरमईचा तुकडा जास्त शिजला तर कोरडा पडतो. त्याला रशात बुडवून ठेवावे. कोळंबी, माकूल आणि तिसऱ्या शिजल्यावर रबरासारख्या होतात, म्हणून त्यांना दोन-तीन महिन्यांनंतर हात लावावा. तळलेला, रव्यात घोळवलेला मासा आता नकोच, कारण ते कुरकुरीत कवच आणि त्यातले तेल दोन्ही तुमच्या पिशवीला जड आहेत. सुकट आणि सुके बांगडेही कठीण व खारट असल्याने लांबच बरे; एक जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते तेव्हा हा मोह होतो, त्या दिवसांत अंडी आणि डाळ यांवर भिस्त ठेवावी.

कालवणात नारळाचे दाट वाटण न घालता पातळ रस घालावा, तिखट निम्म्यावर आणावे. आमसूल आणि तिरफळ घातले तरी चालतील. कालवण भातावर ओतून न घेता मासा आधी, चमच्याने, सावकाश खावा. रशावर ताव मारला तर पिशवी पाण्याने भरते आणि मासा ताटलीतच राहतो.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. दिवसाला ६० ग्रॅम प्रथिने या अर्ध्या-अर्ध्या वाटीतून कशी मिळायची? प्रथिनांची पावडर घ्यावी असे सांगितले आहे, पण घरातल्या मोठ्यांना ती 'जिममधल्या मुलांची' वाटते. घरच्या अन्नातून भागणार नाही का?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे उत्तर मतापेक्षा बेरजेने द्यावे हे बरे. स्लीव्हनंतरच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यातला, नीट आखलेला एक दिवस धरू. सकाळी साय काढलेले दूध १५० मिलिलिटर, त्यातून ५ ग्रॅम. दहा वाजता ५० ग्रॅम पनीर कुस्करून, जिरे-मिठाच्या हलक्या फोडणीत, ९ ग्रॅम. दुपारी २० ग्रॅम कोरड्या मूगडाळीचे घट्ट वरण अर्धी वाटी, ५ ग्रॅम. नंतर पेलाभर ताक, २ ग्रॅम. संध्याकाळी ६० ग्रॅम चक्का, त्यात हवी तर वेलची, पण साखर नाही, ५ ग्रॅम. रात्री सोयाबीनच्या वड्यांचा कोरडा चुरा १५ ग्रॅम, भिजवून, पिळून, तांबड्या भोपळ्याबरोबर शिजवून, सुमारे ७ ग्रॅम. झोपण्यापूर्वी पुन्हा तेवढेच दूध, ५ ग्रॅम. बेरीज झाली ३८.

हा दिवस सोपा नाही. सात वेळा खाणे, प्रत्येक वेळी वीस मिनिटे, मध्ये पाणी आणि औषधे. इतके सगळे पाळूनही आपण चाळिशीच्या अलीकडेच थांबतो. राहिलेले २२ ग्रॅम भात-भाजीतून येणार नाहीत, कारण त्यांना पोटात जागाच नाही. पावडरीचा एक मोजमाप-चमचा साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिने देतो आणि दुधाच्या त्याच १५० मिलिलिटरमध्ये मिसळता येतो. म्हणजे पावडर ही येथे चैन नसून जागेच्या टंचाईवरचा उपाय आहे, आणि जेवण वाढेल तशी ती कमी करता येते. घरातल्या मोठ्यांना ही बेरीज कागदावर मांडून दाखवावी. माझा अनुभव असा, की आकडे पाहिल्यावर विरोध मावळतो.

पावडर निवडताना डब्यावरची दोन ओळींची माहिती वाचावी. एका वेळच्या मापात प्रथिने २० ग्रॅमच्या खाली आणि साखर पाच ग्रॅमच्या वर असेल तर ती परत ठेवावी. लहान मुलांच्या वाढीसाठी म्हणून विकली जाणारी चॉकलेटी पेये या कामाची नाहीत. दुधाने पोट फुगत असेल किंवा जुलाब होत असतील, आणि बायपासनंतर ते पुष्कळांना होते, तर दुग्धशर्करा काढलेली 'व्हे' म्हणजे दुधाच्या निवळीतली प्रथिने किंवा सोयाबीनची पावडर पाण्यातून घ्यावी. दही आणि ताक मात्र अशांनाही बहुधा सोसते. मूत्रपिंडाचा जुना विकार असेल, तर प्रथिनांचा आकडा स्वतः न ठरवता डॉक्टरांना विचारावा.

नाचणीच्या सत्त्वाविषयीही अनेकांनी विचारले आहे. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, १०० ग्रॅम पिठात ३०० मिलिग्रॅमच्या वर. परंतु प्रथिने सात ग्रॅमच, आणि तीही सबंध १०० ग्रॅममध्ये. तुमच्या वाटीत पीठ पडणार दोन चमचे. आवडते म्हणून अधूनमधून घ्यावी, रोजच्या प्रथिनांच्या हिशेबात धरू नये. शाकाहारी मंडळींनी जीवनसत्त्व ब-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन कधीही चुकवू नये. आपल्याकडे त्याची कमतरता शस्त्रक्रियेच्या आधीच असते. नंतर ती अधिक खोल जाते आणि हातापायांना मुंग्या येईपर्यंत कळत नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांना मधुमेह आहे. त्यांची बायपास होऊन तीन महिने झाले. परवा शेतावर गुऱ्हाळ सुरू होते, तेथे त्यांनी पेलाभर उसाचा रस घेतला. पंधरा मिनिटांत घाम, छातीत धडधड, पोटात कळ आणि जुलाब. आम्ही घाबरून गेलो. अर्ध्या तासाने बरे वाटले, पण दोन तासांनी पुन्हा हातपाय थरथरू लागले. रस तर पातळ होता, मग असे का झाले?
— एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : रस पातळ होता, म्हणूनच झाले. एरवी जठराच्या खालच्या तोंडाशी स्नायूंचे एक दार असते आणि ते अन्न थोडे थोडे पुढे सोडते. तुमच्या वडिलांच्या नव्या रचनेत अन्नाच्या वाटेवर ते दार नाही. पेलाभर रसात साखर २५ ग्रॅमहून अधिक असते. ती सगळी एकदम आतड्यात उतरली, तिने आजूबाजूचे पाणी आतड्यात ओढून घेतले, आणि धडधड, घाम व जुलाब हे सारे त्यामागून आले. याला 'डम्पिंग' म्हणतात. पहिला झटका खाल्ल्यावर दहा ते तीस मिनिटांत येतो. दुसरा एक ते तीन तासांनी येतो आणि त्याचे कारण उलटे असते. एकाएकी चढलेल्या साखरेवर शरीराने जास्त इन्शुलिन सोडलेले असते आणि रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली जाते. थरथर त्याची.

या दुसऱ्या झटक्यावर आपली माणसे हमखास गुळाचा खडा देतात. घरच्या यंत्रावर साखर ७० च्या खाली दिसली, तर लगेच ग्लुकोज देणे आवश्यकच आहे. पण तेवढ्यावर थांबले तर तोच फेरा पुन्हा सुरू होतो. म्हणून साखर सावरताच दही, पनीर किंवा अंडे असे काही द्यावे. याहून महत्त्वाचे म्हणजे मधुमेहाची औषधे. ते अजूनही शस्त्रक्रियेपूर्वीच्या प्रमाणात इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेत असतील, तर याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवून प्रमाण बदलून घ्या. या शस्त्रक्रियेनंतर औषधाची गरज बहुधा झपाट्याने कमी होते, आणि जुने प्रमाण चालू ठेवणे उसाच्या रसापेक्षा धोक्याचे आहे.

काकवी, श्रीखंड, आमरस, बासुंदी, गोड लस्सी आणि डब्यातले फळांचे रस यांना हाच नियम लागू आहे. आंब्याच्या दिवसांत पिकलेल्या आंब्याची एखादी लहान फोड जेवणानंतर चावून खाता येईल, परंतु वाटीभर आमरस नाही.

प्रश्न : जेवताना पाणी प्यायचे नाही हे खरे का? मग दीड-दोन लिटर पाणी जाणार कधी? आणि चहाचे काय?
— एक वाचिका, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : खरे आहे. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये, कारण एवढ्याशा जागेत ते अन्नाची जागा घेते किंवा अन्न पुढे ढकलते. उरलेल्या वेळात मात्र बाटली हाताशी ठेवून दर पाच-दहा मिनिटांनी घोट घ्यावा; घटाघटा पिता येणार नाही, तेव्हा तहान लागण्याची वाट पाहू नये. लघवी गडद पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे असे समजावे. सोड्याची पेये वर्ज्य.

चहा पहिल्या महिन्यात बहुतेक जण बंद ठेवायला सांगतात. पुढे अर्धा कप, बिनसाखरेचा, लोहाच्या गोळीपासून दोन तास दूर. लोह आणि कॅल्शियम या गोळ्यांतही तेवढेच अंतर हवे. चहापेक्षा मला त्यात बुडवलेल्या बिस्किटाची आणि खारीची अधिक काळजी वाटते. ती इतकी मऊ होते की न अडकता घसरते, पोट भरत नाही, आणि सहा कधी संपल्या ते कळत नाही. वर्षभराने वजन पुन्हा वाढू लागलेल्यांच्या आहारात हीच निरुपद्रवी दिसणारी बशी अनेकदा सापडते.

प्रश्न : सहावा आठवडा सुरू आहे. दोनदा पोळीचा आणि एकदा चिकनचा घास छातीत अडकला, तोंडाला फेसासारखी लाळ सुटली आणि उलटी झाल्यावरच बरे वाटले. आता काही खाण्याची भीती वाटते. दोन दिवस फक्त पाणी आणि सूप यांवर आहे. हे धोक्याचे आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : घास अडकून एखाददुसऱ्या वेळी उलटी होणे या टप्प्यात घडते, आणि त्याचे कारण बहुधा मोठा घास, घाई किंवा कोरडा पदार्थ हेच असते. पोळीविषयी वर लिहिले आहे. चिकनचा तुकडा मऊ शिजला तरी त्याचे धागे लांब असतात. त्याऐवजी खिमा, तोही रशात ओला ठेवलेला, आणखी दोन आठवड्यांनी घ्यावा. घास अडकला असता वरून पाणी पिऊन तो ढकलण्याचा प्रयत्न करू नये. उठून उभे राहावे, हळूहळू चालावे, थांबावे. त्या दिवशी पुढचे जेवण पातळ घ्यावे, दुसऱ्या दिवशी घोटलेले अन्न, आणि मग पुन्हा मऊ. भीतीने सूपवर राहण्याचा काळ दोन दिवसांपुढे लांबवू नका. पातळ सुपात प्रथिने नाममात्र असतात.

परंतु उलट्या रोज होऊ लागल्या, मऊ पदार्थच काय पण पाणीही ठरेना, तर शस्त्रक्रिया झालेल्या जागेचा मार्ग अरुंद झाला असण्याची शक्यता असते आणि दुर्बिणीने तपासणी करावी लागते. अशा वेळी शरीरातले थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, दोन-तीन आठवड्यांतच संपत येते, कारण त्याचा साठाच मुळात थोडा असतो. समोरची वस्तू दोन-दोन दिसणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे दिसली तर ती अशक्तपणाची म्हणून सोडून देऊ नयेत. गावातल्या दवाखान्यात सलाइन लावायची वेळ आली, तर ही शस्त्रक्रिया झाली आहे हे आधी सांगावे, म्हणजे ग्लुकोजच्या आधी थायमिन दिले जाईल.

ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणे, धाप लागणे किंवा विश्रांती घेत असताही नाडीचे ठोके १२० च्या वर राहणे, यांपैकी काहीही झाले तर आहाराचा विचार बाजूला ठेवून त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

प्रश्न : शस्त्रक्रियेला दोन महिने झाले. आषाढी एकादशी मी तीस वर्षांत चुकवलेली नाही. उपवासाचे पदार्थ मऊच असतात, तर करू का?
— एक वाचिका, पंढरपूर तालुका

उत्तर : निर्जळी मुळीच करू नये, पहिल्या वर्षात उपवासच न केलेला बरा. मन मानत नसेल, तर उपवास पदार्थांच्या निवडीपुरता ठेवा, खाण्याच्या वेळा मोडू नका. साबुदाणा आणि बटाटा यांऐवजी पनीर, चक्का, दूध, आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची अगदी बारीक वाटून केलेली पातळ आमटी दोन-तीन चमचे घ्या. राजगिऱ्याची दुधातली पातळ लापशीही चालेल. गोळ्या त्या दिवशीही घ्यायच्या आहेत.

प्रश्न : माझ्या सुनेची पोटाची शस्त्रक्रिया झाली, त्याला महिना झाला. माणूस अर्ध्या वाटीवर कसे जगते? मी काही केले की ती दोन चमचे खाऊन वाटी ठेवून देते. ताकद यावी म्हणून डिंकाचे लाडू आणि खसखशीची खीर करून देऊ का? तिला माझ्या हातचे आवडत नाही, असेही मनात येते.
— एक वाचिका, वय ७०, सातारा

उत्तर : काकू, दोन चमच्यांनी तिचे पोट खरोखरच भरते. तुमच्या हातच्या चवीचा त्यात काही दोष नाही. आग्रहाचा तिसरा चमचा तिला उलटी करवील, आणि मग त्या पदार्थाचीच तिला शिसारी बसेल. डिंकाच्या लाडवात गूळ आणि तूप, शिवाय तो कठीण. खसखशीच्या खिरीत साखर. बाळंतिणीला जे बळ देते ते तिला आता बाधेल. तुमच्या हाताला काम हवे असेल, तर तिला मुगाचे कढण करून द्या. मूठभर सालीचे मूग रात्री भिजवावेत, सकाळी त्याच पाण्यात न शिजवता नव्या पाण्यात अगदी मऊ शिजवावेत, रवीने घोटून गाळणीतून दाबून काढावेत, म्हणजे साली वर राहतील. तुपात जिरे तडतडवून, आल्याचा रस आणि सैंधव घालून ते पळीतून सावकाश पडेल इतपत घट्ट ठेवावे. त्यातले सहा चमचे लहान वाटीत द्यावेत, आणि उरलेले झाकून ठेवावे; तीन तासांनी ती स्वतःच मागेल.